सत्तापालटानंतर जुन्या राजवटीचा हिशेब: दप्तर, आयोग, माफी, खटले

दप्तरदार (धागाकर्ता)

बांगलादेशावरच्या धाग्यात चर्चा "आयोग नेमतील, अहवाल येईल, धूळ खाईल" इथे येऊन बसली, म्हणून हा वेगळा धागा. कुठला पक्ष बरा यावर इथे भांडू नये. लष्करी किंवा एकपक्षीय राजवट गेल्यावर नवं सरकार मारलेल्या, गायब केलेल्या, छळलेल्या माणसांचा हिशेब कुठल्या क्रमाने लावतं आणि नेमकं कुठे अडकतं, एवढंच बोलू. आपल्याकडचे दाखले जरूर आणा, पण तारीख आणि कलमासकट.

माझं मत आधीच सांगून ठेवतो. आयोगापुढची जबानी आणि कोर्टात टिकणारा पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोळा करणं बहुतेक देशांना जमतं. ती दुसरीपर्यंत न्यायची कुणी, हे आधी ठरलेलं नसतं, आणि तिथेच सगळं बसतं.

सुरुवात कागदापासून. राजवट जाणार हे सगळ्यात आधी कळतं ते दप्तर सांभाळणाऱ्यांना, आणि ते जाळायला घेतात. पूर्व जर्मनीत १९८९च्या नोव्हेंबरपासून गुप्त पोलिसांच्या, म्हणजे श्टाझीच्या, कचेऱ्यांत कागद फाडणं सुरू झालं. एरफुर्टमधल्या नागरिकांनी ४ डिसेंबर १९८९ला कचेरी ताब्यात घेतली, बर्लिनच्या मुख्यालयात लोक १५ जानेवारी १९९०ला घुसले. हाती लागलं ते सुमारे १११ किलोमीटर लांबीचं दप्तर आणि हाताने फाडलेल्या कागदांची सोळा हजारांच्या आसपास पोती.

पण खरी किल्ली होती दोन कार्डसूच्यांत. 'एफ १६' कार्डावर माणसाचं खरं नाव आणि नोंदणी क्रमांक. 'एफ २२' कार्डावर तोच क्रमांक, टोपणनाव आणि प्रकरण कुठल्या विभागाकडे आहे ते. दोन्ही जुळवल्याशिवाय खबऱ्या कोण ते कळत नाही. या सूच्या जळाल्या असत्या तर १११ किलोमीटर नुसती रद्दी होती. कुठल्याही देशात कचेरी ताब्यात आली की पहिलं कुलूप सूची, आवक-जावक नोंदवही आणि पगारपत्रक यांना घालायचं. जाडजूड फायली नंतर पाहिल्या तरी चालतात. पगारपत्रक यासाठी की त्या महिन्यात त्या ठिकाणी कोण कामावर होतं ते तिथेच असतं, आणि ते खोटं लिहायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

माटुंगा_लोकल

दप्तर मिळालं, पण मग ते सगळ्यांना उघडं केलं का? शेजाऱ्याच्या फायलीत माझंही नाव असेलच की.

दप्तरदार

असतंच. म्हणून डिसेंबर १९९१चा कायदा आला आणि २ जानेवारी १९९२पासून लोक फायली वाचू लागले. स्वतःची फाइल मागायला अर्ज करायचा. त्यातली तिऱ्हाइतांची खाजगी माहिती काळी करून प्रत मिळते. खबऱ्यांची आणि अधिकाऱ्यांची नावं मात्र या संरक्षणात येत नाहीत. टोपणनावामागचं खरं नाव हवं असेल तर त्यासाठी निराळा अर्ज. पाळत ठेवलेला आणि पाळत ठेवणारा यांचे हक्क कायद्याने वेगळे केले, ही त्यातली हुशारी. योआखिम गाउक यांच्या खात्याने हे चालवलं, आणि १७ जून २०२१पासून सारं दप्तर संघीय अभिलेखागाराकडे गेलं.

उलट गोष्ट ग्वाटेमालाची. पोलिसांचं जुनं दप्तर २००५मध्ये अचानक सापडलं, अंदाजे ८ कोटी पानं, ओलीने कुजलेली. तिथे पहिलं काम वाचनाचं नव्हतंच. गठ्ठा ज्या जागी, ज्या क्रमाने पडला होता तसाच क्रमांक देऊन उचलायचा, साफ करायचा आणि मग स्कॅन करायचा. विषयवार गठ्ठे केले असते तर कुठल्या विभागाने कुणाला आदेश दिला ही साखळी तुटली असती, आणि कोर्टात पुरावा म्हणून त्याचा उपयोग संपला असता. त्या साखळीवरच २०१०मध्ये दोन पोलिसांना शिक्षा झाली.

निशिगंधा_प

आणि दप्तर जाळलेलंच असेल तर? अर्जेंटिनात लष्कराने जाता जाता १९८३मध्ये दोन गोष्टी केल्या: सप्टेंबरात स्वतःलाच माफी देणारा कायदा, ऑक्टोबरात कागद नष्ट करण्याचा आदेश. निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष राऊल अल्फोन्सिन यांनी डिसेंबरात आयोग नेमला, अध्यक्ष लेखक एर्नेस्तो साबातो. त्यांच्या हाती कागद जवळजवळ नव्हते. सुटून आलेल्यांच्या आठवणी होत्या, त्याही डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या.

मग पद्धत अशी: जिन्याच्या पायऱ्या किती, वळण डावीकडे की उजवीकडे, आगगाडीचा आवाज कधी येई, फरशी कसली, हे प्रत्येकाकडून स्वतंत्रपणे लिहून घ्यायचं. एकमेकांना न भेटलेल्या माणसांची वर्णनं जुळली की नकाशा काढायचा, आणि मग साक्षीदारांना घेऊन प्रत्यक्ष जागेवर जायचं. ब्युनोस आयरेसमधल्या नौदलाच्या यांत्रिकी प्रशालेत १९७९मध्ये परदेशी मानवाधिकार पथक येणार म्हणून लिफ्ट आणि जिन्याचा भाग काढून टाकला होता. हेतू हा की साक्षी खोट्या ठरतील. पण बांधकामातल्या खुणा राहिल्या, आणि जागेत फेरफार केला हीच गोष्ट पुढे त्यांच्या अंगाशी आली.

सप्टेंबर १९८४च्या अहवालात ८,९६० बेपत्ता आणि सुमारे ३४० गुप्त कोठड्या नोंदल्या. नऊ महिन्यांत. आपल्याकडे नऊ महिन्यांत आयोगाला टेबल-खुर्च्या मिळतात.

ॲड_गिरगाव

माफीबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण एकाच नावाखाली फार वेगवेगळ्या गोष्टी खपवल्या जातात.

स्पेनने १९७७मध्ये संसदेतून सरसकट माफी दिली. राजकीय कैदीही सुटले आणि छळ करणारेही. कुणी काय केलं हे विचारायचंच नाही. चिलीत लष्करशहा पिनोचेटने १९७८मध्ये अध्यादेश काढून ११ सप्टेंबर १९७३ ते १० मार्च १९७८ या काळातल्या गुन्ह्यांना माफी दिली, म्हणजे आरोपीच न्यायाधीश.

वर्णभेदी राजवट गेल्यावर दक्षिण आफ्रिकेने १९९५च्या ३४व्या कायद्याने सत्य आणि समेट आयोग नेमून तिसरा मार्ग काढला. आपल्या फौजदारी वकिलांना तो लगेच कळेल, कारण तो आपल्या 'माफीच्या साक्षीदारा'चाच भाऊ आहे: जुन्या फौजदारी संहितेचं कलम ३०६, आता नागरिक सुरक्षा संहितेचं ३४३. सगळं खरं सांग, माफी मिळेल. काही लपवलंस किंवा खोटं बोललास तर माफी गेली आणि खटला उभा. तिथेही अर्ज प्रत्येकाने स्वतः करायचा. कृत्य राजकीय हेतूने केलेलं हवं, पूर्ण उघड करायला हवं, मुदतीत अर्ज हवा, आणि गंभीर प्रकरणांची सुनावणी जाहीर. पश्चात्ताप दाखवायची अट नव्हती. बरेच जण ही उणीव मानतात, मी मानत नाही. रडण्याची परीक्षा कोण घेणार?

अर्ज ७,११२ आले, माफी ८४९ जणांना मिळाली, ५,३९२ अर्ज फेटाळले. फेटाळलेल्यांत साध्या दरोड्याखुनातले, नशीब आजमावणारे कैदीही पुष्कळ होते. वर्णभेदविरोधी नेते स्टीव्ह बिको यांच्या १९७७च्या कोठडीमृत्यूतल्या पोलिसांचे अर्जही १९९९मध्ये फेटाळले गेले.

आता यातली गोम. माफी मिळाली की फौजदारी खटला तर गेलाच, शिवाय त्या माणसावरचा आणि सरकारवरचा नुकसानभरपाईचा दिवाणी दावाही गेला. बिको कुटुंबाने याला आव्हान दिलं, घटना न्यायालयाने १९९६मध्ये कायदा उचलून धरला. म्हणजे पीडितांचा दावा काढून घेतला आणि बदल्यात भरपाईचं आश्वासन दिलं. आयोगाने सुचवलं होतं सुमारे २१,७०० रँड वर्षाला, सहा वर्षं. २००३मध्ये सरकारने दिले एकरकमी ३० हजार रँड. माफी मात्र हुकूम निघाला त्याच क्षणी लागू झाली होती. असा व्यवहार लिहायचा तर भरपाईची रक्कम, तारीख आणि तरतूद माफीच्याच कायद्यात घालावी. 'शिफारस करण्यात येईल' असं लिहिलं की संपलं.

शिवडीकर

ॲड, पण ज्यांनी अर्जच केला नाही त्यांचं काय झालं?

ॲड_गिरगाव

तेच तर. सगळी रचना एका भीतीवर उभी होती: अर्ज नाही केला तर खटला. आयोगाने सुमारे ३०० प्रकरणं सरकारी अभियोक्त्यांकडे सोपवली, आणि ती वर्षानुवर्षं पडून राहिली. म्हणजे जो पुढे येऊन बोलला त्याची अब्रू गेली आणि जो गप्प बसला तो शहाणा ठरला.

वर्णभेदविरोधी कार्यकर्ते अहमद तिमोल हे ऑक्टोबर १९७१मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून 'उडी मारून' मेले असं १९७२च्या मृत्यूचौकशीत ठरलं होतं. कुटुंबाच्या पाठपुराव्यामुळे चौकशी पुन्हा उघडली आणि २०१७मध्ये कोर्टाने ती हत्या ठरवली. २०१८मध्ये एका माजी पोलिसावर आरोप ठेवले, खटला उभा राहण्याआधीच २०२१मध्ये तो वारला. आणि २०२५मध्ये, आयोगाची प्रकरणं कोर्टात का गेली नाहीत याची चौकशी करायला राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांना नवा आयोग नेमावा लागला.

माटुंगा_लोकल

मग एवढी कसरत कशाला, सरळ खटले भरावेत की. अर्जेंटिनाने भरलेच ना?

निशिगंधा_प

भरले, आणि ते कसे भरले हे पाहण्यासारखं आहे. हजारो प्रकरणांतून सरकारी वकील हुलिओ स्त्रासेरा यांनी ७०९ निवडली. एप्रिल १९८५ला सुनावणी सुरू, ९ डिसेंबर १९८५ला निकाल. नऊ सेनाधिकारी आरोपी, पाच दोषी, लष्करप्रमुख विदेला आणि नौदलप्रमुख मासेरा यांना जन्मठेप. निवडीचं सूत्र असं की वेगवेगळ्या प्रांतांतून, वेगवेगळ्या दलांकडून तीच पद्धत दिसली पाहिजे: रात्री उचलणं, गुप्त कोठडी, छळ, गायब. पद्धत सारखी दिसली की 'हाताखालच्यांनी परस्पर केलं' हा बचाव कोसळतो. एकही खून सेनापतीने स्वतःच्या हाताने केला नव्हता. यंत्रणा त्याच्या हुकमात होती यावर शिक्षा झाली.

मग खालच्या अधिकाऱ्यांकडे वळायची वेळ आली आणि लष्कर बिथरलं. डिसेंबर १९८६चा कायदा: ६० दिवसांत आरोप ठेवले नाहीत तर कायमचे बंद. न्यायालयांनी जानेवारीची सुट्टी रद्द करून शेकडो अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले, हा डाव सरकारवरच उलटला. १९८७च्या ईस्टरला बंड झालं आणि जूनमध्ये दुसरा कायदा आला: हुकमाचे ताबेदार म्हणून खालचे सगळे निर्दोष. वर शिक्षा झालेल्यांना पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी १९९०मध्ये माफ केलं.

पण त्या दुसऱ्या कायद्यात एक फट राहिली होती. मुलं पळवण्याचा गुन्हा माफीतून वगळलेला होता. कोठडीत जन्मलेली बाळं लष्करी कुटुंबांना वाटली गेली होती, आणि त्यांच्या आज्या गप्प बसणाऱ्या नव्हत्या. आईबापच नाहीत तर रक्ताचं नातं सिद्ध कसं करायचं? जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी आजीआजोबांच्या नमुन्यांवरून संभाव्यता काढायची पद्धत बसवली. मायटोकॉन्ड्रियातला डीएनए आईकडूनच येतो, त्यामुळे आईच्या आईचा नमुना सगळ्यात मोलाचा. १९८७मध्ये कायद्याने राष्ट्रीय जनुक पेढी झाली. आज १३०हून अधिक नातवंडांची ओळख पटली आहे.

एका प्रकरणात तर कायदाच उघडा पडला. तेच आरोपी, तेच कुटुंब: बाळ पळवल्याबद्दल शिक्षा होऊ शकते, पण त्या बाळाच्या आईबापाला गायब केल्याबद्दल नाही. २००१मध्ये न्यायाधीशाने विचारलं की हे कसं, आणि दोन्ही कायदे अवैध ठरवले. संसदेने २००३ला ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने जून २००५ला त्यावर मोहोर उठवली. विदेला २०१३मध्ये तुरुंगात मेला.

ॲड_गिरगाव

चिलीतली फट याहून सुबक. मृतदेह सापडलेला नाही ना? मग खून झाला हे सिद्ध नाही. सिद्ध आहे ते अपहरण. आणि अपहरण हा माणूस सुटेपर्यंत किंवा सापडेपर्यंत चालू राहणारा गुन्हा, म्हणजे तो १० मार्च १९७८ला संपलेला नाही, म्हणजे माफीच्या मुदतीत बसत नाही. प्रेतं लपवली ती वाचण्यासाठी, आणि त्यामुळेच अडकले. न्यायाधीश हुआन गुझमान यांनी हा युक्तिवाद पिनोचेटपर्यंत नेला.

वांद्रे_पूर्व

हाडांबद्दलही कुणीतरी लिहा.

निशिगंधा_प

१९८४च्या सुरुवातीला अर्जेंटिनात न्यायाधीशांच्या हुकमाने बेवारस कबरी यंत्राने उकरल्या. हाडं मिसळली, दात पडले, गोळ्या हरवल्या. पुरावा शोधायला गेले आणि पुरावाच मोडला. मग अमेरिकन न्यायवैद्यक मानवशास्त्रज्ञ क्लाइड स्नो यांनी स्थानिक विद्यार्थ्यांना हाताशी धरलं आणि तिथलं न्यायवैद्यक मानवशास्त्र पथक उभं राहिलं.

खणण्याआधी स्मशानाची नोंदवही. कुठल्या वर्षी 'बेवारस' नोंदी अचानक वाढल्या, त्यात तरुण किती, गोळीच्या जखमा किती हे पाहायचं. नातेवाइकांकडून उंची, जुनी मोडलेली हाडं, दातांचं काम, डावखुरा की उजवा, हे लिहून घ्यायचं. मग दोऱ्याने चौकोन आखून, थापी आणि ब्रशने थर उतरवायचे, प्रत्येक चौकोनाची माती वेगळी चाळायची, कारण दात आणि शिसं मातीत राहतं. उचलण्याआधी प्रत्येक अवस्थेचा फोटो, मोजपट्टीसह. डीएनए सगळ्यात शेवटी.

शिवडीकर

चेकोस्लोव्हाकियात जुन्या लोकांना नोकरीतून काढलं होतं, ते कसं जमलं?

दप्तरदार

अर्धवट जमलं. ऑक्टोबर १९९१चा कायदा: वरच्या सरकारी पदांसाठी गुप्त पोलिसांच्या नोंदवहीत नाव नाही असा दाखला हवा. अडचण ही की नोंदवहीत 'संभाव्य उमेदवार' असाही एक वर्ग होता, म्हणजे ज्यांना खबरी करायचा विचार होता, आणि त्यातल्या कित्येकांना ते माहीतही नव्हतं. कोट्यासाठी नावं भरणारे अधिकारी सगळीकडे असतात. १९९२मध्ये घटना न्यायालयाने तो वर्ग काढून टाकला. पोलंडने १९९७मध्ये वेगळं केलं: संबंध होता की नाही हे तुम्हीच लिहून द्या. संबंध होता म्हणून शिक्षा नाही, खोटं लिहिलं तर दहा वर्षं पदबंदी. मला पोलंडचं तत्त्व जास्त पटतं, निदान कागदावर.

वांद्रे_पूर्व

आता घरचं. आणीबाणीनंतरचा शहा आयोग २८ मे १९७७ला नेमला, चौकशी आयोग कायदा १९५२खाली. दोन अंतरिम अहवाल मार्च आणि एप्रिल १९७८, अंतिम ६ ऑगस्ट १९७८. 'मिसा'खाली (अंतर्गत सुरक्षा कायदा) ३४,९८८ स्थानबद्ध, भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८ अटकेत, नसबंदीशी जोडलेले १,७७४ मृत्यू. इंदिरा गांधींनी शपथ घ्यायला नकार दिला. दक्षिण आफ्रिकेत माजी राष्ट्राध्यक्ष पी. डब्ल्यू. बोथांनीही आयोगाचं समन्स धुडकावलं, १९९८मध्ये दोषी ठरले आणि अपिलात तांत्रिक मुद्द्यावर सुटले. बड्यांचं सगळीकडे सारखंच.

खटल्यांसाठी विशेष न्यायालय कायदा आला १९७९मध्ये. जानेवारी १९८०ला सरकार बदललं, विषय संपला. टिकली ती ४४वी घटनादुरुस्ती: आणीबाणीला 'अंतर्गत अशांतता' हे कारण पुरेनासं झालं, आणि कलम २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येत नाहीत. माणसांना शिक्षा झाली नाही, पण दार तेवढं पक्कं केलं.

महाराष्ट्रात २०१८ला आणीबाणीतल्या बंदींना मानधन सुरू झालं, एक महिन्याहून अधिक तुरुंगवासाला दरमहा १० हजार. २०२०ला बंद, २०२२ला परत सुरू. सरकारागणिक चालू-बंद होणाऱ्या रकमेला भरपाई म्हणावं का हा प्रश्नच आहे. शिवाय त्यात नसबंदी झालेला माणूस बसत नाही.

ॲड_गिरगाव

शहा आयोगाची खरी अडचण चौकशी आयोग कायद्याचं कलम ६. आयोगापुढे दिलेली जबानी त्या माणसाविरुद्ध दिवाणी किंवा फौजदारी कामात वापरता येत नाही, खोटी साक्ष दिल्याचा खटला सोडून. म्हणजे पोलिसांनी सगळा तपास पहिल्यापासून करायचा. दप्तरदार वर म्हणाले ते हेच. शिवाय सरकारी नोकरावर खटल्यासाठी सरकारची मंजुरी.

मुंबईतच बघा. डिसेंबर १९९२–जानेवारी १९९३च्या दंगलींसाठी श्रीकृष्ण आयोग २५ जानेवारी १९९३ला नेमला, जानेवारी १९९६मध्ये गुंडाळला, मे १९९६मध्ये पुन्हा उभा केला, १६ फेब्रुवारी १९९८ला अहवाल आला. ९०० मृत्यू, ३१ पोलिसांवर नावानिशी ठपका. अहवाल सहा महिन्यांत कार्यवाहीच्या निवेदनासह विधिमंडळापुढे ठेवावा लागतो. ६ ऑगस्टला ठेवला. कायद्याने बंधन तिथेच संपतं, स्वीकारण्याचं नाही.

१६८ बेपत्ता होते. त्यांपैकी ६० जणांच्या वारसांना भरपाई मिळाली. उरलेल्या १०८ जणांच्या वारसांना शोधून २ लाख रुपये आणि २२ जानेवारी १९९९पासून ९ टक्के व्याज द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२२ला सांगितलं, आणि देखरेखीला राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य-सचिवांची समिती नेमली.

माटुंगा_लोकल

बेपत्ता आणि मृत यात कायद्याने एवढा फरक का पडावा?

ॲड_गिरगाव

मृत्यूचा दाखला नाही तर वारस दाखला नाही, खोली नावावर होत नाही, विमा नाही. आपल्याकडे सात वर्षं काही खबर नसेल तर मृत मानता येतं, तेही दावा लावून. अर्जेंटिनात बेपत्ता झालेल्यांच्या आयांची हरकत याच्या उलट होती: मृत म्हणून सही केली तर शोध थांबेल. म्हणून १९९४ला 'जबरदस्तीने बेपत्ता केल्याने अनुपस्थित' असा वेगळाच कायदेशीर दर्जा काढला. त्यावर वारसाहक्क चालतो आणि सरकारला 'मेला' म्हणायची सोय होत नाही.

निशिगंधा_प

जबानीच्या फॉर्मबद्दल एक सांगायचं राहिलं. दक्षिण आफ्रिकेच्या कायद्यात गंभीर उल्लंघन म्हणजे हत्या, अपहरण, छळ आणि घोर दुर्वर्तन, इतकंच. त्यामुळे पासकायदे (कृष्णवर्णीयांच्या फिरण्यावर बंधनं घालणारे) आणि लाखोंचं सक्तीचं विस्थापन, म्हणजे वर्णभेदाचं रोजचं काम, फॉर्मवर बसेना. बायका येऊन नवऱ्याचं, मुलाचं सांगायच्या, स्वतःचं नाही. म्हणून स्त्रियांच्या वेगळ्या सुनावण्या घ्याव्या लागल्या.

आणि गुप्ततेचा रकाना आधीच हवा. चिलीच्या दुसऱ्या आयोगाने हजारो जणांचे छळाचे अनुभव घेतले आणि त्यानंतर, डिसेंबर २००४ला, ते ५० वर्षं बंद ठेवणारा कायदा झाला. साक्ष देणाऱ्याला कुणी विचारलं नव्हतं. फॉर्मवरच तीन चौकोन ठेवा: जाहीर चालेल, फक्त कोर्टाला, कुणालाच नको.

शिवडीकर

अहवालात नावं घालावीत का? हा शेवटचा प्रश्न माझा.

ॲड_गिरगाव

चिलीच्या १९९१च्या अहवालात गुन्हेगारांची नावं नाहीत. एल साल्वादोरच्या १५ मार्च १९९३च्या अहवालात होती; पाच दिवसांत तिथल्या संसदेने सरसकट माफीचा कायदा केला, तो २०१६ला रद्द झाला. दक्षिण आफ्रिकेत ज्यांची नावं येणार त्यांना आधी नोटीस द्यावी, असं कोर्टाने १९९७ला सांगितलं, आणि १९९८च्या अहवालात माजी राष्ट्राध्यक्ष डी क्लार्क यांच्याविषयीचं पान काळं करून छापावं लागलं. आपल्याकडे चौकशी आयोग कायद्यात हेच कलम ८-ब; १९८९च्या किरण बेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते पाळायलाच लावलं.

तेव्हा नावं घालायचीच असतील तर साक्षीत नाव आलं त्याच आठवड्यात नोटीस काढायची, पोच फाइलला लावायची आणि उत्तरासाठी मुदत द्यायची. हे काम अहवालाच्या शेवटच्या महिन्यावर ढकललं की स्थगिती आलीच म्हणून समजा.